खुर्चीत बसून स्वतःकडे पाहताना

मार्च संपला की सरकारी कचेऱ्यांत एक काम दरवर्षी नको नको म्हणत उरकलं जातं : स्वयंमूल्यमापनाचा नमुना भरणं. वर्षाची उद्दिष्टं काय होती, त्यातलं किती साधलं, आणि मग एक अडचणीचा रकाना, काय राहून गेलं आणि कशामुळे. साधलं ते लिहिताना अधिकाऱ्याचा हात सैल सुटतो. ‘सातत्याने पाठपुरावा करून’, ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’, ‘वैयक्तिक लक्ष घालून’. राहिलं ते लिहिताना मात्र तो स्वतः कागदावरून नाहीसा होतो. उरतात ती रिक्त पदं, उशिरा आलेला निधी, आचारसंहिता, अवकाळी पाऊस. यातलं खोटं काहीच नसतं. पदं खरोखर रिक्त असतात, पाऊसही खरोखर पडलेला असतो. पण ज्या वर्षी निधी वेळेवर आला आणि काम झालं, त्या वर्षीच्या नमुन्यात निधीचं नाव कुठं येत नाही. ते श्रेय मार्गदर्शनाच्या खात्यावर जमा होतं.

ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहितो आहे, ते या दोन रकान्यांमधल्या फटीतून सुरू होतं. माणसांना सोबत घेऊन काम करणाऱ्यानं स्वतःच्या बळाचा आणि उणिवांचा हिशेब कसा मांडावा, तो मांडताना फसगत कुठं होते, ती कमी करता येते का, हे त्याचे प्रश्न. लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते शाळेचे मुख्याध्यापक, बँकेचे शाखाधिकारी, पतसंस्थेचे अध्यक्ष, इस्पितळातल्या मेट्रन, बचत गट चालवणाऱ्या बायका, नुकतीच निवडून आलेली एखादी सरपंच, आणि या सगळ्यांचा अभ्यास करू पाहणारे विद्यार्थी. इथं यायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी चिकाटी लागते आणि आपल्याविषयीचं नको ते वाचूनही वही न मिटण्याची तयारी लागते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या मांडणीचा कणा तोच आहे. आत्मपरीक्षण म्हटलं की आपल्याला एकांतात, डोळे मिटून, मन खोदत बसलेला माणूस आठवतो. गेल्या पन्नासेक वर्षांचं संशोधन या माणसाच्या बाजूनं बोलत नाही. नेतृत्वाचे गुणदोष जिथं घडतात ती जागा आपल्या आणि इतरांच्या मध्ये आहे. म्हणून त्यांचा माग काढायचा तर तो बाहेर काढावा लागतो : लिहून ठेवलेल्या निर्णयांत, आणि ज्यांना ते निर्णय सोसावे लागले त्यांच्या बोलण्यात. एकांतालाही जागा आहे, पण ती नंतरची. हातात कागद आल्यावरची.

स्वतःची झडती घेण्याची परंपरा तशी फार जुनी. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस दुसऱ्या शतकात लढायांच्या धामधुमीत स्वतःपुरती टिपणं लिहीत होता. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या जेझुइट अनुयायांना रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त घालून दिली. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेरा सद्गुणांचा तक्ता आखला आणि ज्या दिवशी जो गुण हुकला त्याच्यापुढे काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. या सगळ्यांचा मुख्य रोख स्वतःचं चारित्र्य सुधारण्याकडे होता. माणसं चालवण्याचा प्रश्न त्यात ओघानं येई.

मराठी वाचकाला मात्र इतकं लांब जायला नको. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. आपण ते बहुधा दुसऱ्याला चिडवण्यासाठी वापरतो. पण अभ्यासक म्हणून वाचले तर त्यांच्या रचनेतली हुशारी लक्षात येते. मूर्खाच्या मनात काय चाललंय याची समर्थ फारशी चर्चा करत नाहीत; तो काय करतो ते सांगतात. कुणाशी कसं बोलतो, कुठं बढाई मारतो, कुठं थांबायला हवं तिथं थांबत नाही. शेजाऱ्याला ओळखता येईल असं वागणं. म्हणजेच यादी अशी की तिची साक्ष बाहेरून काढता यावी. आणि पढतमूर्खाला वेगळा समास देण्यात तर मला मोठी जाण दिसते : शिकलेल्या माणसाच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात, आणि त्याचं शिक्षणच त्या झाकायला मदत करतं. हार्वर्डचे ख्रिस अर्जिरिस यांचा व्यवस्थापन सल्लागारांवरचा १९९१ चा गाजलेला लेख याच वाटेनं जातो. आयुष्यभर पहिल्या नंबरानं पास झालेल्यांना नापास होण्याचा सराव नसतो. काही बिघडलं की त्यांची सगळी हुशारी स्वतःचा बचाव करण्यात खर्ची पडते, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच’ या छापाचं विधान मला करायचं नाही. समर्थांचा हेतू वेगळा, अर्जिरिस यांचा वेगळा. एवढंच की या क्षेत्रात शिरताना मराठी वाचक रिकाम्या हातानं येत नाही.

नेतृत्वाचा शास्त्रीय म्हणता येईल असा अभ्यास विसाव्या शतकातला. सुरुवातीला नेत्याचे अंगभूत गुण शोधण्याचा बराच खटाटोप झाला. १९४८ मध्ये राल्फ स्टॉगडिल यांनी तोवरची संशोधनं एकत्र मांडून दाखवलं की कुठल्याही परिस्थितीत नेता घडवेल असा ठरावीक गुणांचा संच हाती लागत नाही. मग लक्ष वागण्याकडे गेलं, मग परिस्थितीकडे. तो इतिहास कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल, इथं त्यात गुंतत नाही. आपल्या कामाचा प्रश्न निराळा आहे : नेत्याला स्वतःविषयी जे वाटतं, त्याच्यावर किती विसंबावं?

फार नाही, असं उत्तर देणारा एक जुना आकडा आहे. १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डानं प्रवेशपरीक्षेला बसलेल्या सुमारे दहा लाख मुलामुलींना बरोबरीच्यांच्या तुलनेत स्वतःला जोखायला सांगितलं. नेतृत्वक्षमतेत ७० टक्के मुलांनी स्वतःला मध्याच्या वर ठेवलं. मध्याच्या खाली आहोत असं म्हणणारी मुलं अवघी २ टक्के. इतरांशी जुळवून घेण्याच्या बाबतीत तर चौथा हिस्सा मुलांनी स्वतःला सर्वोत्तम १ टक्क्यात नेऊन बसवलं. ही सोळा-सतरा वर्षांची पोरं होती, म्हणून हसून सोडून देता येईल. पण आपल्याकडच्या एखाद्या संचालक मंडळात हीच पाहणी केली तर निकाल फार वेगळा लागेल, असं मानायला मी तयार नाही.

असं का होतं, याचं एक उत्तर डेव्हिड डनिंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दिलं. गुण जितका मोघम, तितकी स्वतःला वर ठेवण्याची सोय जास्त. ‘नेतृत्व’ हा तर मोघमपणाचा कळसच. कडक माणूस शिस्तीला नेतृत्व म्हणतो, मनमिळाऊ माणूस सलोख्याला, आणि दोघेही आपापल्या मोजपट्टीवर पहिले येतात. (याच डनिंग यांचं जस्टिन क्रुगर यांच्यासोबतचं १९९९ चं संशोधन आता समाजमाध्यमांवर एकमेकांना अडाणी ठरवण्यासाठी फिरत असतं. त्याच्या आकडेवारीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते उद्धृत करणारा प्रत्येक जण ते दुसऱ्याबद्दल उद्धृत करतो, हे त्याहून बोलकं.)

दुसरं उत्तर जास्त अस्वस्थ करणारं आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ च्या आपल्या लेखात एका दुकानातला प्रयोग सांगितला आहे. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीनं मांडल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांतली सर्वांत चांगली निवडायची होती. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरी लोकांचा कल उजव्या टोकाच्या जोडीकडे स्पष्ट झुकला, डाव्या टोकाच्या जवळपास चौपट. का निवडली, विचारल्यावर कुणी विणीची तारीफ केली, कुणी पोताची. जागेचं नाव कुणी घेतलं नाही. जागेचा परिणाम झाला असेल का, असं थेट विचारलं तेव्हा लोकांनी ते उडवून लावलं. आपण का वागलो याचं जे कारण आपण सांगतो, ते पुष्कळदा आत डोकावून पाहिलेलं नसतं. अशा वेळी माणसं साधारणपणे का वागतात याचा जो ठोकताळा आपल्यापाशी असतो, तोच आपण सांगतो. शिपायावर का ओरडलो, बढतीसाठी अमुकचंच नाव का सुचवलं, याची मुख्याध्यापकांची किंवा शाखाधिकाऱ्यांची उत्तरं या मोज्यांच्या विणीइतकीच भरवशाची असू शकतात.

म्हणून माणूस स्वतःविषयी पूर्ण आंधळा असतो का? तसंही नाही. सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये जी विभागणी मांडली ती मला कामाची वाटते. चिंता, अस्वस्थता, आतली धाकधूक या गोष्टी स्वतःला इतरांहून जास्त कळतात. बुद्धी, कल्पकता यांसारख्या ज्या गुणांना मान चिकटलेला आहे, त्यांच्याबाबत मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा सरस ठरतो. बैठकीपूर्वी पोटात गोळा येतो हे अध्यक्षांनाच ठाऊक असणार. त्या गोळ्यामुळे ते बैठकीत कुणाला बोलू देत नाहीत, हे मात्र बाकीच्या सभासदांना विचारावं लागेल.

बळ आणि उणीव यांच्याकडे दोन वेगळ्या याद्या म्हणून पाहण्याची सवय मुलाखतींनी लावली आहे. ‘तुमच्या तीन जमेच्या बाजू आणि दोन कमकुवत बाजू सांगा’. मग उमेदवार चेहरा गंभीर करून सांगतो, ‘मी जरा जास्तच कष्ट करतो’. हे उत्तर आपण हसण्यावारी नेतो, पण तोंडातून नकळत खरं निघालेलं असतं. उणीव बहुधा बळाच्याच घरात राहते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं उदाहरण घ्या. माणसं न तोडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. परस्परविरोधी मतांच्या लोकांना एका सतरंजीवर बसवायचं, सबुरीनं घ्यायचं, संस्था टिकवायची. पुण्याची सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, १८८७ पासूनची सामाजिक परिषद या साऱ्यांमागे ही हातोटी होती. आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं पाहू. विधवाविवाहाचा हा खंदा पुरस्कर्ता १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि त्यानं अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण उपटलं, नावं छापून आली, ग्रामण्य उभं राहिलं. आणि १८९२ मध्ये रानड्यांनी मित्रांच्या अडचणीखातर प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मंडळी हबकली. दोन्ही वेळी आड आला तो भित्रेपणा होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. ज्या वृत्तीनं संस्था उभ्या केल्या तीच वृत्ती इथं मोडता घालत होती : आपल्या माणसाला एकटं पाडायचं नाही. तिला कापून टाका म्हणावं, तर सार्वजनिक सभाही त्याबरोबर जाईल.

आणि हे सगळं आपल्याला कुणाकडून कळतं? रानड्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. ती अकरा वर्षांची मुलगी पुढे लिहायला शिकली, आणि १९१० मध्ये रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झालं. रमाबाई भक्तीनं लिहितात, तरी अडचणीचं गाळत नाहीत. या क्षेत्राच्या वाचनयादीत मी त्या पुस्तकाला वरचं स्थान देतो ते भाषेसाठी नव्हे, साक्षीसाठी. नेत्याच्या इतक्या जवळ राहून, त्याच्यावर इतकं अवलंबून असूनही त्याच्या वागण्याची नोंद ठेवणारं माणूस सहज मिळत नाही.

आधुनिक संशोधनात रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर यांनी नेमका हा धागा पकडला. नेहमीच्या प्रश्नावल्या एक ते पाच असे गुण मागतात, जणू जास्त म्हणजे चांगलंच. त्यांनी मोजपट्टीच बदलली : हा माणूस अमुक गोष्ट कमी करतो, बेताची करतो, की जास्त करतो? या एका बदलानं चित्र पालटतं. ‘निर्णयक्षम’ म्हणून पाचपैकी पाच घेणारा साहेब या पट्टीवर ‘जास्त करतो’ या बाजूला सरकलेला दिसतो. नव्या वाचकानं या क्षेत्रातलं एकच तंत्र उचलायचं ठरवलं, तर हे उचलावं.

आता इतरांच्या नजरेकडे येऊ. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये आपल्या पहिल्या नावांची सांगड घालून ‘जोहारी खिडकी’ मांडली. तिचे चार खण प्रशिक्षणवर्गांत इतक्या वेळा फळ्यावर काढले गेले आहेत की पुन्हा काढत नाही. महत्त्वाचा खण तो, जो इतरांना दिसतो आणि आपल्याला दिसत नाही. आपल्या सरकारी व्यवस्थेनं हा खण कित्येक दशकं कायद्यानं बंद ठेवला होता, आणि त्याचं नावच होतं गोपनीय अहवाल. प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवायचा, बाकीचं कपाटात. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सेवेतल्या एका अभियंत्याची बढती अशाच एका शेऱ्यानं अडली. शेरा वाईट नव्हता, ‘चांगला’ होता. पण बढतीला लागत होता ‘अतिशय चांगला’. प्रतिकूल नाही म्हणून त्याला तो कधी कळवलाच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मे २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं तसे आदेश काढले. त्याआधीच्या पिढ्यांचा विचार करा. माणसाच्या बळाची आणि उणिवांची नोंद दरवर्षी नियमानं होत होती, आणि ती वाचण्याची मुभा त्या माणसाला सोडून इतरांना होती.

शिवाय ही नोंद फक्त वरून खाली. खालच्यांना वरच्याबद्दल काय वाटतं, हे विचारण्याची रीत भारतात उद्योगांनी आधी रुळवली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या दोन प्राध्यापकांनी मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोसाठी मूल्यमापनाला माणसाच्या विकासाशी जोडणारी यंत्रणा आखून दिली. पुढे वरिष्ठ, कनिष्ठ, बरोबरीचे अशा सगळ्या बाजूंनी मत घेण्याची पद्धत आपल्याकडे पसरली त्यात राव यांचा वाटा मोठा आहे. मात्र फीडबॅक मिळाला म्हणजे माणूस सुधारला, अशा समजात कुणी राहू नये. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अशा प्रयोगांचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं कामगिरी सुधारली होती हे खरं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती आधीपेक्षा घसरली होती. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की फायदा आटतो, असा त्यांचा रोख होता.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय संस्थांमधल्या परिणामकारक नेत्याचं चित्र काढलं : तो माया करतो, लक्ष ठेवतो, पण ती माया काम करणाऱ्याच्या वाट्याला येते. वडीलधारा, पण हिशेबी. हे चित्र बऱ्याच अंशी आजही ओळखीचं वाटतं, आणि त्यातच अडचण आहे. वडीलधाऱ्याला त्याच्या तोंडावर कोण काय सांगणार? केबिनमध्ये बोलावून, चहा मागवून, ‘मोकळेपणानं सांगा, माझं काय चुकतं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘काही नाही सर, तुम्ही आहात म्हणून चाललंय.’ हे उत्तर खोटारडेपणाचं नाही, शहाणपणाचं आहे. विचारणाऱ्याच्या हातात बदली आहे, रजा आहे, शेरा आहे.

प्रश्न लहान केला तर मात्र काहीतरी हाती लागतं. ‘परवाच्या बैठकीत मी बोलायला लागल्यावर कोण गप्प झालं?’ ‘वेळापत्रक बदललं ते तुम्हाला माझ्याकडून कळलं की बाहेरून?’ ‘मी थांबायला हवं होतं अशी एखादी जागा सांगा.’ यांची उत्तरं देताना कुणाला साहेबाच्या स्वभावावर निकाल द्यावा लागत नाही. घडलेलं सांगायचं असतं. समर्थांच्या यादीतही हीच सोय होती. त्यातही पहिल्या उत्तरावर विचारणाऱ्याचा चेहरा कसा होतो, यावर दुसरं उत्तर मिळणार की नाही ते ठरतं.

इतरांची नजर म्हणजे सत्य, असंही समजू नका. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांना प्रधानाचं एक भाषण ऐकवलं, कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या. शब्द तेच. जिथं प्रधानपद कधीच महिलांसाठी राखीव झालं नव्हतं त्या गावांतल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी लेखलं. जिथं आरक्षणामुळे बाई प्रधान होऊन गेली होती तिथं तिच्या कर्तबगारीबद्दलची ही शंका जवळपास मावळली. बाईनं पुढारपण करावं याबद्दलची नावड मात्र टिकून राहिली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे इथं स्वतःची झडती घेऊ पाहणाऱ्या हजारो सरपंच बायकांना आधी हे वेगळं काढावं लागतं की ‘तुम्हाला जमत नाही’ या शेऱ्यात त्यांची उणीव किती आणि ऐकणाऱ्याचं वळण किती. पुरुषांसाठी लिहिलेल्या नेतृत्वाच्या पुस्तकांत या प्रश्नाला एक ओळही मिळत नाही, हे त्या पुस्तकांचं न्यून आहे.

साक्षीदारानंतर नोंद. बरूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की निकाल कळल्यावर माणसाला वाटू लागतं, हे होणार हे आपल्याला आधीपासून दिसत होतं. ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य मराठी घरांत आणि कचेऱ्यांत किती वेळा ऐकू येतं, ते सांगायला नको. यावर पीटर ड्रकर यांनी १९९९ मध्ये सांगितलेला उपाय अगदी साधा आहे : महत्त्वाचा निर्णय घेताना काय घडेल असं वाटतं ते लिहून ठेवा, आणि नऊ-बारा महिन्यांनी ताडून पाहा. या युक्तीचा वंश त्यांनी लोयोलांच्या परंपरेपर्यंत नेऊन भिडवला. वही कुठलीही चालेल. तारीख हवी, अपेक्षा मोजता येईल अशी हवी, आणि ‘मला स्वतःला कितपत खात्री वाटते’ हेही लिहिलेलं हवं. अशा वहीत दोनेक वर्षांत एक घडण दिसू लागते. उदाहरणार्थ, पैशाबद्दलचे अंदाज बरोबर येतात आणि माणसांबद्दलचे सतत फसतात.

चूक निदान करून मांडायची कशी, याचा नमुना एप्रिल १९१९ मध्ये सापडतो. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात हिंसा उसळल्यावर गांधीजींनी तो स्थगित केला आणि नडियादच्या सभेत आपली चूक हिमालयाएवढी असल्याचं सांगितलं. विशेषण लोकांच्या लक्षात राहिलं. अभ्यासकानं निदान पाहावं : जे लोक कायदे स्वेच्छेनं पाळायला शिकलेले नाहीत त्यांना कायदेभंगाला बोलावण्याची घाई केली. गृहीतक कुठलं फसलं ते नेमकं, आणि पुढचं पाऊलही नेमकं : मुंबईत स्वयंसेवकांना सत्याग्रहाचं शिक्षण देणं. तो प्रयोग रेंगाळला, येणाऱ्यांची संख्या रोडावत गेली, हेही आत्मकथेत त्यांनीच लिहिलं आहे.

पण कबुलीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये असताना पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मानी माणसाला ते दिवस फार जड गेले. गांधींचं वजन कबुलीनं वाढलं, गोखल्यांचं घटलं. मला वाटतं, फरक कबुलीच्या खरेपणात नव्हता. एकाची कबुली अनुयायांसमोर होती, दुसऱ्याची सत्तेसमोर. ‘नेत्यानं आपल्या चुका उघडपणे सांगाव्यात’ असा सरसकट सल्ला देणाऱ्या पुस्तकांना म्हणूनच मी जपून वाचतो. कारकुनानं साहेबापुढे दिलेली कबुली आणि साहेबानं कारकुनांपुढे दिलेली कबुली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गोखल्यांनी पुढे, १९१५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींकडून वर्षभर देश पाहण्याचं आणि जाहीर मतं न मांडण्याचं वचन घेतलं. पुढाऱ्याला गप्प बसवणारा वडीलधारा असणं हेही भाग्य. फेब्रुवारीत गोखले गेले; वचन पाळलं गेलं.

या क्षेत्रात भांडणं आहेत आणि ती मिटलेली नाहीत. डोनाल्ड क्लिफ्टन यांच्यामागून आलेला एक पंथ म्हणतो, उणिवा दुरुस्त करण्यात आयुष्य घालवू नका, बळ वाढवा. सुरुवातीच्या नोकरीत हा सल्ला ठीक. ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत त्याची उणीव त्याची एकट्याची राहत नाही, म्हणून मला तो अपुरा वाटतो. जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याहून मुळावर घाव घातला : यशापयशाचं खापर किंवा मुकुट आपण नेत्याच्या डोक्यावर ठेवतो ही एक भाबडी ओढच आहे, प्रत्यक्षात त्याचा वाटा पुष्कळदा किरकोळ असतो. हे खरं मानलं तर सुरुवातीच्या नमुन्यातला ‘अवकाळी पाऊस’ दर वेळी सबब नसतो. आत्मपरीक्षणाची हौस असलेला माणूस सगळं स्वतःवर ओढून घेतो, आणि तोही एक प्रकारचा अहंकार ठरू शकतो.

मराठीत या अभ्यासाला लागणारी सामग्री मुबलक पडून आहे, आणि तिच्याकडे या नजरेनं पाहिलेलं माझ्या वाचनात फार थोडं आलं आहे. सहकारी संस्था, शिक्षण संस्था, ग्रंथालयं, महिला मंडळं यांच्या इतिवृत्तांच्या वह्या कपाटांत आहेत. नव्या अभ्यासकानं एका संस्थेची, एकाच अध्यक्षाच्या कारकिर्दीची वही मिळवावी. सूचक कोण, अनुमोदक कोण, ही नावं काढावीत. ती दोन-तीन माणसांपलीकडे जातात का ते पाहावं. ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सलग किती ठरावांखाली येतात ते मोजावं. कुणी विरोध नोंदवायला सांगितला असेल तर तो पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना टिकला की गळाला, हे दोन्ही पानं शेजारी ठेवून तपासावं. अध्यक्ष हयात असतील तर मग त्यांना जाऊन भेटावं, आणि आधी त्यांना विचारावं की तुमच्या काळात विरोध करणारे कोण होते. ते नावं सांगतील. ती नावं वहीत सापडतात का, आणि कोणत्या सालापर्यंत, ते परत येऊन बघावं.